शब्दजोडी पाठ आहे, पण वाक्यात चुकते

प्रश्न असा आहे: इंग्रजीतल्या नेहमीच्या शब्दजोड्यांच्या याद्या पाठ केल्या आहेत, 'मेक' कुठे आणि 'डू' कुठे हे कुणी विचारलं तर पटकन सांगता येतं, तरी लिहायला बसलं की घोटाळा होतोच. नमुना म्हणून एक वाक्य दिलं आहे: 'द एफर्ट्स दॅट वी हॅव डन विल कॉज सक्सेस.' शिवाय एक उपप्रश्न आहे, 'मेक अ डिसिजन' बरोबर की 'टेक अ डिसिजन'?

याद्यांवर माझा राग नाही, पण त्या अर्धंच सांगतात. यादीत जोडी असते, ती जोडी ज्या वाक्यात राहते ते वाक्य नसतं. कोण कुणाशी बोलतंय, जोडीच्या पुढे कोणतं प्रिपोझिशन येतं, मधे कोणतं विशेषण चालतं, 'अ' लागतो की नाही, जोडीतले दोन शब्द एकमेकांपासून लांब गेले तर काय होतं, या सगळ्याबद्दल यादी गप्प असते. आणि चुका नेमक्या तिथेच होतात. इतकी वर्षं इंग्रजी शिकवताना आणि इतरांचा मजकूर तपासताना मला हेच दिसत आलं आहे.

तुमचंच वाक्य घेऊ. 'मेक अ डिसिजन' तुम्हाला येतं, तसंच 'मेक अॅन एफर्ट' हेही नक्की येत असणार. तरी 'एफर्ट्स'च्या पुढे 'डन' आलं. याचं कारण वाक्याच्या रचनेत आहे. यादीत क्रियापद आधी आणि नाम नंतर असतं, म्हणून 'मेक' म्हणताच 'एफर्ट' आठवतो. तुमच्या वाक्यात नाम आधी आलं, मधे 'दॅट वी हॅव' घुसलं, आणि क्रियापदाची वेळ येईपर्यंत पाठ केलेली जोडी सुटून गेली. मग हाताशी आलं ते मराठीतलं 'आम्ही केलेले प्रयत्न', आणि 'केलेले'चं झालं 'डन'. तपासायला आलेल्या कागदांत 'द मिस्टेक्स वी हॅव डन', 'द प्रोग्रेस दे हॅव डन' अशी वाक्यं मला जितकी भेटतात, तितकं सरळ 'आय डिड अ मिस्टेक' भेटत नाही. सरळ वाक्यात सांभाळलेली जोडी उलट्या वाक्यात निसटते.

म्हणून जोडी एकाच क्रमात पाठ करू नका. 'शी मेड अ मिस्टेक' लिहिलंत की त्याखाली लगेच 'द मिस्टेक शी मेड', मग 'अ मिस्टेक वॉज मेड', आणि 'इट वॉज अॅन ईझी मिस्टेक टु मेक' असंही लिहा. चौथी रचना सगळ्यात उपयोगाची, कारण तिथे क्रियापद अगदी शेवटी जातं आणि मराठीच्या सवयीला मोकळं रान मिळतं. 'ही हॅज अ डिसिजन टु मेक', 'देअर आर प्रोमिसेस टु कीप', 'आय हॅव अ कॉल टु रिटर्न' ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. आठवड्याभरात कान तयार होतो.

वाक्यातली दुसरी अडचण 'कॉज सक्सेस' ही. व्याकरणाने ती चूक नाही, अर्थही कळतो, पण इंग्रजी कानाला खटकते. 'कॉज'चा अर्थ शब्दकोशात 'कारणीभूत होणे' इतकाच सापडेल. प्रत्यक्ष वापरात मात्र त्याच्यामागे 'प्रॉब्लेम्स', 'डॅमेज', 'डिले', 'कन्सर्न', 'पेन', 'ट्रबल' अशी सगळी नकोशी मंडळी येतात. मराठीतल्या 'कारणीभूत' या शब्दालाही हाच वास आहे. अपघाताला कारणीभूत, पराभवाला कारणीभूत असं आपण म्हणतो. मुलीच्या यशाला आई कारणीभूत ठरली असं कुणी म्हणालं तर ऐकणारा क्षणभर दचकतो. भाषाभ्यासक याला 'सिमँटिक प्रोझडी' म्हणतात: शब्दाच्या स्वतःच्या अर्थात नसलेला, पण संगतीने चिकटलेला बरा-वाईट रंग. यशासाठी इंग्रजीत 'लीड टु सक्सेस' किंवा 'ब्रिंग सक्सेस' म्हणा. 'लीड टु' दोन्हीकडे चालतं, यशाकडेही नेतं आणि नाशाकडेही. तेव्हा तुमचं वाक्य 'द एफर्ट्स वी हॅव मेड विल लीड टु सक्सेस' असं झालं. 'विल पे ऑफ' म्हटलंत तर आणखी सहज, कारण 'एफर्ट्स' आणि 'पे ऑफ' यांची आपसात जुनी ओळख आहे आणि मग 'सक्सेस' या शब्दाची गरजच उरत नाही.

संगतीच्या रंगाची आणखी दोन उदाहरणं देते, कारण हा भाग शिकवताना बहुतेक वेळा गाळला जातो. 'कमिट' हे क्रियापद 'क्राइम', 'मर्डर', 'फ्रॉड', 'पर्जरी' यांच्यासोबत वावरतं. आत्महत्येसाठीही तेच रूढ झालं; इंग्लंड-वेल्समध्ये 1961 पर्यंत आत्महत्या हा कायद्याने गुन्हाच होता. कायदा बदलला तरी जोडीतला गुन्ह्याचा वास गेला नाही, म्हणून आज बातम्या लिहिणाऱ्यांना 'डाइड बाय सुइसाइड' असं लिहायला सुचवलं जातं. दुसरं उदाहरण 'सेट इन'. दिसायला हे निरुपद्रवी क्रियापद, 'सुरू होणे, मूळ धरणे' एवढंच. पण सुरू होणाऱ्या गोष्टी बघा: 'रॉट', 'पॅनिक', 'इन्फेक्शन', 'डिस्पेअर'. 'हॅपिनेस हॅज सेट इन' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला ती थट्टा वाटेल. भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांनी हे उदाहरण दाखवून दिलं होतं. बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांच्या देखरेखीखाली संगणकावरच्या प्रचंड मजकुराच्या आधारे शब्दकोश तयार झाला आणि 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द एकेकटा नव्हे तर त्याच्या खऱ्या वाक्यांसकट पाहायचा, ही शिस्त कोशकारांना तिथून लागली.

आता 'मेक' की 'टेक'. दोन्ही बरोबर आहेत, आणि यादी पाठ केलेल्यांना हेच उत्तर आवडत नाही. अमेरिकन इंग्रजीत जवळजवळ सगळीकडे 'मेक'. ब्रिटिश इंग्रजीत 'मेक' जास्त, पण सरकार, मंडळ, कंपनी यांनी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाला 'टेक'ही चालतं. भारतीय इंग्रजीत 'टेक' भरपूर दिसतं आणि त्याला मराठी-हिंदीतल्या 'घेणे'चा आधार मिळतो. पण खरी निवड या दोघांत नाहीच. समितीने तीन तास चर्चा केली आणि शेवटी एक ठरवलं, तर तिथे 'रीच्ड अ डिसिजन' किंवा 'केम टु अ डिसिजन' हवं, कारण या क्रियापदांत वाटचाल आहे. ज्यूरीचं 'व्हर्डिक्ट' आणि दोन पक्षांचं 'अॅग्रीमेंट' यांनाही 'रीच' लागतं ते याच कारणाने. ठरवलेलं मागे घेतलं तर 'रिव्हर्स', पुढे ढकललं तर 'पुट ऑफ' किंवा जरा औपचारिक 'डिफर', वरच्या न्यायालयाने फिरवलं तर 'ओव्हरटर्न'. एका 'डिसिजन'भोवती अशी पाच-सात क्रियापदं उभी असतात आणि प्रत्येकजण निर्णयाच्या वेगळ्या टप्प्यावर कामाला येतो. यादीने तुम्हाला त्यातलं एकच दिलं.

यावरून माझा आग्रह असा की वहीत क्रियापदाच्या पानाऐवजी नामाचं पान करा. 'मेक'खाली चाळीस नामं लिहून काही हाती लागत नाही, कारण लिहिताना डोक्यात आधी 'मेक' येत नाही. निर्णय, तक्रार, संशोधन, पाऊस अशी वस्तू येते. 'मेक म्हणजे काहीतरी नवं निर्माण करणे आणि डू म्हणजे काम करणे' हा जो नियम सांगतात, तो 'डू द डिशेस'पर्यंत टिकतो आणि 'डू डॅमेज'पाशी कोसळतो. नुकसान नवीनच निर्माण होतं की! असल्या नियमावर वेळ घालवू नका.

प्रसंगानुसार जोडी कशी बदलते हे तक्रारीवरून छान कळतं. मराठीत आपण घरी तक्रार करतो, कार्यालयात ती नोंदवतो आणि आयोगापुढे दाखल करतो. 'मी आईकडे तक्रार दाखल केली' असं म्हणणारा गंमत करत असतो हे कुणालाही समजतं. इंग्रजीतही तेच आहे. 'मेक अ कम्प्लेंट' सर्वसाधारण, 'लॉज अ कम्प्लेंट' अधिकृत, 'फाइल अ कम्प्लेंट' कागदोपत्री आणि बऱ्याचदा कायद्याच्या वाटेवरचं. मित्राला हॉटेलच्या खोलीबद्दल सांगताना 'आय लॉज्ड अ कम्प्लेंट' म्हटलं तर चूक नाही, पण तुम्ही कोट-टाय घालून गप्पा मारताय असं वाटतं. तिथे 'आय कम्प्लेंड' पुरे. तसंच 'वी हॅड अ मीटिंग' सहकाऱ्याला सांगायचं, 'द मीटिंग वॉज हेल्ड' इतिवृत्तात लिहायचं. 'डू रिसर्च' बोलण्यात, 'कंडक्ट रिसर्च' किंवा 'कॅरी आउट रिसर्च' प्रबंधात. याद्या यांना समानार्थी म्हणून एका ओळीत मांडतात आणि मग विद्यार्थी प्रत्येक पत्रात सगळ्यात जड शब्द उचलतो.

जोर वाढवणाऱ्या शब्दांचं प्रकरण वेगळंच मजेदार आहे. मराठीत पाऊस मुसळधार, जंगल घनदाट, काळोख मिट्ट. 'मुसळधार काळोख' म्हणत नाही आणि का म्हणत नाही याचं कारणही देता येत नाही. इंग्रजीत 'हेवी रेन' पण 'स्ट्राँग विंड', 'थिक फॉग', 'हेवी ट्रॅफिक', 'हेवी स्मोकर'. हवामानाच्या अंदाजात वारा 'हाय विंड्स'ही होतो. आणि पाऊस नाम न राहता क्रियापद झाला की बोलताना 'इट वॉज रेनिंग हार्ड' म्हणतात. 'हेविली' चालतं, पण ते बातमीच्या भाषेकडे झुकतं. आपला 'कडक' हा शब्द इथे परीक्षा घेतो. कडक चहा 'स्ट्राँग', कडक शिस्त 'स्ट्रिक्ट', कडक ऊन 'हार्श' किंवा 'स्कॉर्चिंग'. एका मराठी विशेषणाला एक इंग्रजी विशेषण नेमून ठेवलं की पाय घसरलाच. चहाचंच उदाहरण भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. मायकेल हॅलिडे यांनी 1966 मध्ये दाखवलं की 'स्ट्राँग' आणि 'पॉवरफुल' अर्थाने जवळ असूनही चहा 'स्ट्राँग'च असतो, तर मोटारगाडीला 'पॉवरफुल' शोभतं. गंमत म्हणजे 'आर्ग्युमेंट' दोघांनाही घरात घेतं.

'हायली रेकमेंड' आणि 'स्ट्राँगली रेकमेंड' यांत काय फरक, असं बरेच जण विचारतात. हद्द अगदी काटेकोर नाही, पण कल स्पष्ट आहे. वस्तूची, पुस्तकाची, माणसाची वाखाणणी करायची तर 'हायली': 'आय हायली रेकमेंड धिस कोर्स'. कुणी काहीतरी करावं असं बजावून सांगायचं तर 'स्ट्राँगली': 'वी स्ट्राँगली रेकमेंड दॅट यू बॅक अप युअर डेटा'. म्हणजे पुढे काय येतंय, नाम की 'दॅट' घेऊन वाक्य, यावर आधीचा शब्द ठरतो. डॉक्टर 'स्ट्राँगली' सांगतो, समीक्षक 'हायली' सांगतो. 'हायली' स्वतः फार निवडक आहे: 'हायली लाइकली', 'हायली स्किल्ड', 'हायली सक्सेसफुल' चालतात, 'हायली हॅपी' किंवा 'हायली टायर्ड' नाही. भावनांसाठी 'डीपली' बघा: 'डीपली ग्रेटफुल', 'डीपली सॉरी', 'डीपली मूव्ह्ड'. आणि निराशा मात्र 'बिटरली डिसअपॉइंटेड', थंडीही 'बिटरली कोल्ड'. शंका आली तर साधं 'व्हेरी' लिहा. 'व्हेरी'ला शिक्षक उगाच नावं ठेवतात. चुकीच्या जागी बसलेल्या 'हायली'पेक्षा ते शंभर पटींनी बरं.

प्रिपोझिशन आणि आर्टिकलबद्दल थोडक्यात. जोडी वहीत उतरवताना तिचं शेपूट तोडू नका: 'पे अटेन्शन टु', 'प्ले अ रोल इन', 'हॅव अॅन इम्पॅक्ट ऑन', 'टेक रिस्पॉन्सिबिलिटी फॉर'. 'मेक प्रोग्रेस' आणि 'गिव्ह अॅडव्हाइस' यांत 'अ' नाही, 'मेक अॅन एफर्ट'मध्ये आहे. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, पण 'हॅव अ डिस्कशन अबाउट' बरोबर आहे. आपल्याकडची चूक बहुधा या दुसऱ्या रूपावरून पहिल्यावर उडी मारते. आणि मधे बसणारं विशेषणही लिहून ठेवा: 'पे क्लोज अटेन्शन', 'प्ले अ की रोल'. यातलं 'क्लोज' तुम्हाला स्वतःहून सुचणार नाही, तिथे 'फुल' किंवा 'डीप' सुचेल. 'फुल' चालून जाईल, 'डीप' खटकेल.

भारतीय इंग्रजीचा मुद्दा टाळता येत नाही. 'गिव्ह अॅन एक्झाम' आपण परीक्षा देणे यावरून म्हणतो आणि आपल्यात ते सगळ्यांना कळतं. बाहेरच्या वाचकाला मात्र परीक्षा 'गिव्ह' करणारा शिक्षक वाटतो. विद्यार्थी ती 'टेक' करतो, ब्रिटनमध्ये 'सिट'ही करतो. इथे शब्द तोच राहून माणूस उलटा होतो, म्हणून ही जोडी जपून वापरा. तसंच 'विल टेक अ कॉल ऑन धिस' म्हणजे आपल्याला 'यावर निर्णय घेऊ', बाहेर कुणाला वाटेल की तुम्ही फोन घेणार आहात. मी या प्रयोगांना चुका म्हणत नाही. भाषा जिथे राहते तिथल्या सवयी उचलते. प्रश्न वाचक कोण एवढाच. आपापसात लिहिताना खुशाल वापरा, परदेशी संस्थेला अर्ज करताना बदला.

आता पडताळणी कशी करायची. बरेच जण शोधयंत्रात जोडी टाकतात आणि किती निकाल आले ते बघतात. ते आकडे ढोबळ असतात, आणि त्यांत तुमच्यासारख्याच शिकणाऱ्यांची वाक्यंही मोजलेली असतात. त्यापेक्षा कॉर्पस उघडा, म्हणजे खऱ्या लेखनातून आणि बोलण्यातून गोळा केलेला, संगणकावर शोधता येणारा मजकुराचा संग्रह. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्दांचा मजकूर आहे, त्यातला साधारण 90 टक्के लेखी आणि उरलेला बोलण्यातला. अमेरिकन इंग्रजीसाठी 'कोका' नावाचा संग्रह आहे, 1990 ते 2019 या काळातला, 100 कोटींहून जास्त शब्दांचा. नाव नोंदवून दोन्हींत मर्यादित शोध फुकट घेता येतो. तिथे 'डिसिजन' टाका आणि त्याच्या डावीकडची क्रियापदं मागा. आकडे आले की थांबू नका. पंचवीस-तीस प्रत्यक्ष ओळी वाचा. शोधलेला शब्द मधोमध आणि दोन्ही बाजूंना त्याचा शेजार, अशा मांडलेल्या या ओळींना 'कॉन्कॉर्डन्स' म्हणतात. डावी-उजवीकडचे चार-चार शब्द पाहायचे हा रुळलेला प्रघात आहे आणि कामापुरता तो पुरतो.

ओळी वाचताना मी तीन गोष्टी पाहते. जोडी कुठल्या प्रकारच्या मजकुरातून येते आहे, कारण एखादी जोडी शेकडो वेळा दिसते आणि सगळी उदाहरणं न्यायालयाच्या निकालांतली निघतात. दुसरं, कर्ता कोण आहे, माणूस की संस्था की निर्जीव वस्तू. तिसरं, आसपासचा सूर बरा की वाईट. आकड्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना: 'किती वेळा आली' आणि 'एकमेकांना किती ओढतात' ही दोन वेगळी मापं आहेत. 'बिग हाउस' खूप वेळा येतं, कारण दोन्ही शब्दच खूप येतात. त्यांच्यात विशेष सख्य नाही. 'ऑबर्न हेअर' (तांबूस-तपकिरी केस) कमी वेळा येईल, पण 'ऑबर्न' आला की केस आलेच. कॉर्पसमध्ये 'म्युच्युअल इन्फर्मेशन' नावाचा जो आकडा दिसतो तो ही ओढ मोजतो. तो विरळ शब्दांना डोक्यावर घेतो, म्हणून एकट्या त्याच्यावरही विसंबू नये.

हे सगळं नवं खूळ आहे असं समजू नका. हॅरॉल्ड पामर यांनी टोकियोमध्ये इंग्रजी शिकवताना अशा हजारो जोड्या गोळा करून 1933 मध्ये त्यांचा अहवाल छापला होता. परक्या भाषकांना व्याकरण येऊनही वाक्य का अडतं, हाच तुमचा प्रश्न त्यांच्याही समोर होता. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचं वाक्य आलं ते पुढे 1957 मध्ये.

राहता राहिली परीक्षेची किंवा घाईच्या ईमेलची वेळ, जेव्हा कॉर्पस हाताशी नसतो आणि 'मेक' की 'डू' आठवत नाही. तेव्हा जोडीच मोडून टाका आणि नामातलं क्रियापद बाहेर काढा. 'मेड अ डिसिजन'ऐवजी 'डिसायडेड', 'गेव्ह अॅन एक्स्प्लनेशन'ऐवजी 'एक्स्प्लेन्ड', 'डिड अॅन अॅनालिसिस'ऐवजी 'अॅनलाइज्ड'. बहुतेक ठिकाणी वाक्य उलट सुटसुटीत होतं. दोन ठिकाणी मात्र ही युक्ती तोटा करते. एक, मधे विशेषण हवं असेल तेव्हा: 'मेड अ डिफिकल्ट डिसिजन'चं काम 'डिसायडेड विथ डिफिकल्टी' करत नाही, पहिल्यात निर्णय अवघड आहे आणि दुसऱ्यात ठरवणाराच अडखळतोय. आणि दुसरं, 'हॅव अ लुक', 'हॅव अ चॅट', 'टेक अ ब्रेक' अशा हलक्याफुलक्या जोड्यांत. 'कॅन यू हॅव अ लुक अॅट धिस?' ही सहकाऱ्याला केलेली सहज विनंती आहे. 'लुक अॅट धिस' म्हटलंत तर तो हुकूम होतो.